आठ बावीसचं प्रस्थान

१२ डिसेंबर २००६, मंगळवार

तिकिटं काढली एकदाची. मुंबई ते नेवार्क, जायचं १९ जानेवारी, यायचं १५ जुलै. इथे बडोद्याच्या अलकापुरीत किरीटभाई ट्रॅव्हलवाल्याकडे पावणेदोन तास बसलो. दोन चहा झाले, त्यानं तीनदा 'काका, आ भाव पछी नहीं मळे' म्हणून झालं, तेव्हा कुठे मी पाकीट बाहेर काढलं. एवढी स्वस्त का, हे विचारल्याशिवाय मी सोडणार होतो थोडाच! म्हणाला, 'नॉन-रिफंडेबल छे ने, काका. जवानुं एटले जवानुं. नहीं जाव तो पैसा गया.' लगेच खणातून एक गुळगुळीत कागद काढून म्हणतो, 'पण चिंता नहीं करवानी. इन्शुरन्स लई लो.'

विमा! मला विमा विकतोय! सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. जवळच्या पादरा गावच्या एका दूधवाल्याची म्हैस मेली, तेव्हा तो एस.टी.तून म्हशीचा कान पिशवीत घालून घेऊन आला होता, कारण कानात आमचा बिल्ला असतो. मी कागद काढून बघितले. बिल्ला डाव्या कानात मारल्याची नोंद, आणि हा कान उजवा. क्लेम नामंजूर. ऑफिसात महिनाभर कारखानीस साहेबांच्या नजरेची चर्चा होती. तर असा मी. तरी पॉलिसी घेतली, कारण विमा वाईट नसतो, क्लेम करणारे वाईट असतात.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणजे निरुपमा, माझी पत्नी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. (डायरी उद्या कुणाच्या हाती पडली तर त्याला नीट कळावं म्हणून लिहितो.) हिनं कॅलेंडरवर १० फेब्रुवारीला गोल केलाय. ती देवश्रीच्या बाळंतपणाची तारीख. देवश्री आमची एकुलती एक मुलगी, अमेरिकेत एडिसनला असते, जावई नील तिकडेच कॉम्प्युटरमध्ये. ही म्हणाली, 'बावीस दिवस आधी निघतोय, म्हणजे झालं. या वेळी मला तिच्याजवळ असायचंय.'

या वेळी म्हणाली, कारण मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात तिकडे सगळं फिसकटलं. तेव्हा आम्ही गेलो नाही. ऐन वेळची तिकिटं भयंकर महाग होती, आणि जाऊन आपण काय करणार होतो? तो विषय आम्ही घरात काढत नाही.

१७ डिसेंबर, रविवार

चिमणाताई गावाच्या दुसऱ्या टोकाहून, समा भागातून रिक्षा करून आली. माझी थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. तारीख ऐकली आणि पिशवीतून पंचांग काढलं.

'दत्तू, एकोणीसला अमावास्या आहे.'

'असेल.'

'शुक्रवार आहे. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. अमेरिका कुठे येते रे?'

मी म्हटलं, ताई, पृथ्वी गोल आहे, पूर्वेकडूनही जाता येतं. तर म्हणते, 'पृथ्वीचं मला सांगू नकोस, तुझं विमान कुठून जातंय ते सांग.' विमान फ्रँकफुर्टवरून जातं. म्हणजे पश्चिमेलाच. तिकिटं एवढी स्वस्त का, ते मात्र आता कळलं. त्या दिवशी बडोद्यातलं कुणी निघतच नसणार!

तारीख बदलता येत नाही म्हटल्यावर ताईनंच तोड काढली. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या मुहूर्तावर प्रवासाचं सामान आणि फडक्यात बांधलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड असं सगळं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ठेवलं की तुम्ही निघालात असं धरतात. मग पाच दिवसांत प्रत्यक्ष कधीही जा, अमावास्या असो नाहीतर ग्रहण. मात्र ठेवलेलं सामान परत घरात आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला. मला ही तरतूद फार आवडली. आपल्या पूर्वजांना ग्रेस पिरियड कळत होता.

संक्रांतीपर्यंत कमुरतां, इथे शुभ काम कुणीच करत नाही. दुसऱ्या दिवशी किंक्रांत. म्हणून गुरुजींनी मंगळवार १६ जानेवारी, सकाळी आठ बावीस अशी वेळ काढून दिली.

२० डिसेंबर, बुधवार

पॉलिसी भिंग लावून वाचली. बेचाळीस कलमं. काय सुरेख मसुदा आहे! कंपनी खाजगी, नवीन, काचेच्या ऑफिसातली, पण काम बघून ऊर भरून आला. क्लेमची मॅनेजर कोण, तर संयोगिता शितोळे! माझ्याच हाताखाली तयार झालेली पोरगी. पहिल्या दिवशी तिला एका विधवेचा क्लेम वाचून रडू आलं होतं. मी तिला सांगितलं, 'अगं, रडायचं ते घरी जाऊन. इथं तारखा बघायच्या.' नाव काढलं पोरीनं.

एक कलम मात्र मनात राहिलं. 'प्रवास करण्याची इच्छा न उरल्यामुळे रद्द केलेल्या प्रवासाची भरपाई मिळणार नाही.' उद्या काही झालं आणि कुणी म्हटलं, हे अमावास्येला घाबरून गेलेच नाहीत, तर? आपली इच्छा होती हे कागदावर दिसलं पाहिजे.

१४ जानेवारी २००७, रविवार

उत्तरायण. आमचं सगळं मांजलपूर गच्चीवर, मी एकटा खाली. हात-पाय मोडला तर? पतंग हा धोक्याचा खेळ धरतात की नाही, हे पॉलिसीत स्पष्ट नाही. ही गच्चीवर जाऊन आली, उंधियु-जलेबी घेऊन आली, आणि आल्या आल्या डिंक तळायला बसली. लाडू देवश्रीसाठी. हळिवाचे कालच झाले.

१६ जानेवारी, मंगळवार

प्रस्थान झालं! आमच्या समोरच राहतात फत्तेसिंहराव मोहिते. त्यांचे पणजोबा सरकारच्या घोडदळात होते. हे स्वतः मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटीचे मुख्य होते आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतल्या कुत्र्यांचे आहेत. त्यांच्याकडे ठेवायचं ठरलं. गुरुजी स्कूटरवरून आले, मोबाइलमध्ये वेळ बघत दारात उभे राहिले आणि 'आता!' म्हणाले. मी फडकं घेतलं, ही देवाला नमस्कार करून मागे, फत्तेसिंहरावांनी माझी मोठी बॅग उचलली. तीस पावलं. त्यांच्या वरच्या खोलीत सगळं ठेवलं.

मी लगेच पोच लिहून समोर धरली. 'श्री. द. भा. कारखानीस यांचे प्रवासाचे सामान आज सकाळी ८ वाजून २२ मिनिटांनी मिळाले.' फत्तेसिंहराव म्हणाले, 'अहो साहेब, मी काय रेल्वेचा पार्सलवाला आहे का?' पण सही केली. सज्जन माणूस.

१७ जानेवारी, बुधवार

पाय मोडला.

झालं असं, की लाडवांचे दोन डबे बॅगेत घालायचे राहिले होते. बॅग घरी आणता येईना, प्रवास मोडेल. म्हणून डबे आणि वजनाचा काटा घेऊन मीच फत्तेसिंहरावांकडे गेलो. तेवीस किलोच्या वर चालत नाही. डबे घातले, बॅग काट्याला लावून उचलली, चोवीस सहाशे! एक डबा काढला, पुन्हा उचलली. उचलून काटा उजेडात दिसावा म्हणून जिन्याकडे वळलो, पट्टा पायात आला आणि मी, बॅग, काटा, सगळे पाच पायऱ्या खाली. मोहिते वहिनी स्वयंपाकघरातून धावल्या. फत्तेसिंहरावांनी मला उचलून रिक्षात घातलं.

घोट्याचं हाड. सहा आठवडे प्लास्टर, तीन आठवडे विमान बंद. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी मनातल्या मनात पानं उलटली. कलम अकरा, अपघाती दुखापत. बसतो! क्लेम अगदी चपखल बसतो. ही शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, 'देवश्रीला काय सांगायचं?'

१८ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून घरात संसद. किरीटभाईचा फोन, 'काका, तमे आराम करो, काकीने मोकलो ने!' म्हणजे हिला एकटीला पाठवा. फत्तेसिंहराव येऊन म्हणाले, 'वहिनींना जाऊ द्या. तुमचं जेवण आमच्याकडून, मी सकाळ-संध्याकाळ येतो, दोन काठ्या आणून देतो.' आणि ही! जन्मात सुरतेपलीकडे एकटी न गेलेली बाई म्हणाली, 'मी जाते एकटी. विमानतळावर माणूस देतात म्हणे सोबतीला.'

मी शांतपणे कलम अकरा (ब) वाचून दाखवलं. सहप्रवाशाच्या तिकिटाचेही पैसे मिळतात, पण केव्हा? त्याला एकट्यानं जाणं शक्य नसेल तेव्हा. ही उद्या टुणकन विमानात बसली तर माझ्या पायाची काय किंमत राहिली? नवरा एवढा आजारी, आणि बायको अमेरिकेला! कुठलाही क्लेम ऑफिसर हेच विचारेल. मी विचारलं असतं. मी म्हटलं, 'आठ दिवसांत पैसे हातात येतात. तीन तारखेला तुला नवं तिकीट काढून देतो. दहाच्या आत पोचतेस आणि नुकसान शून्य.'

'आणि ती आधीच झाली तर?'

'पहिलटकरणी उशिराच होतात.'

हिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. 'पहिलटकरीण म्हणता तुम्ही तिला?' म्हणाली आणि आत गेली. यात एवढं बघण्यासारखं काय होतं कळेना. काय, चुकलं काय माझं?

१९ जानेवारी, शुक्रवार

आज आमचं विमान आमच्याविना गेलं. देवश्रीला संध्याकाळी फोन केला. सगळं समजावून सांगितलं, कलमासकट. म्हणाली, 'चालेल बाबा. पाय सांभाळा.' फार समजूतदार मुलगी. मग आईला फोन दिला. ही नुसतं 'हो गं, हो गं माझी राणी' एवढंच करत होती.

२२ जानेवारी, सोमवार

क्लेम पाठवला. असा क्लेम बडोद्यात यापूर्वी कुणी केला नसेल! फॉर्म दोन पानी, पण मी एकसष्ट पानं जोडली. एक्स-रे, बिलं, दोघांचे पासपोर्ट मूळ. आणि 'प्रवासाची इच्छा' हा मुद्दा तर मी असा ठोकून काढलाय की विचारू नका. मुहूर्ताची चिठ्ठी, गुरुजींचं पत्र, फत्तेसिंहरावांची पोच, शिवाय कोठीवरून, म्हणजे कलेक्टर कचेरीतून, आणवलेल्या स्टँप पेपरवर माझं प्रतिज्ञापत्र, 'मी दिनांक १६ जानेवारी रोजी सकाळी ८.२२ वाजता सर्व विधीपूर्वक प्रवासास प्रारंभ केला आहे.' फॉर्ममध्ये 'प्रवास सुरू झाल्याची तारीख व वेळ' असा रकाना होता. लोक हा रकाना रिकामा सोडतात आणि मग रडतात. मी भरला.

हिनं विचारलं, 'पासपोर्ट कशाला मूळ दिले?' मी म्हटलं, मूळ कागदाला वजन असतं.

२९ जानेवारी, सोमवार

नामंजूर.

पत्र तीन वेळा वाचलं. संयोगितानं लिहिलंय. 'विमेदाराच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रानुसार प्रवास १६ जानेवारीला सुरू झाला. दुखापत १७ जानेवारीची. रद्द होण्याचे संरक्षण प्रवास सुरू होताच संपते. अर्धवट राहिलेल्या प्रवासाचे संरक्षण भारताची हद्द ओलांडल्यावर सुरू होते. सबब ही दुखापत कोणत्याही संरक्षणात बसत नाही.'

म्हणजे माझ्या घराच्या फाटकापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत मी कुणाचाच नाही! काय पकडलंय! दोन कलमांच्या मधली फट आणि मी बरोबर तिच्यात. संताप आला, आणि खोटं कशाला बोलू, डोळे भरूनही आले. हे मीच शिकवलं होतं तिला. तारखा बघायच्या.

हिला वाचून दाखवलं. म्हणाली, 'म्हणजे पैसे नाहीत. मग तीन तारखेचं तिकीट?' मी म्हटलं, 'अगं, अपील आहे ना! घाबरतेस काय?'

३० जानेवारी, मंगळवार

संयोगिताला फोन केला. म्हणाली, 'सर, प्रस्थान म्हणजे प्रवास नव्हे असं कुणा जाणकाराचं पत्र आणा, मी अपिलात वर पाठवते.' गुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणाले, 'अहो, मागच्या पत्रात मी प्रवास सुरू झाला असं लिहिलंय.' मी म्हटलं, 'या पत्रात नाही झाला असं लिहा.' गुरुजींनी दक्षिणेकडे बघितलं (दिशेकडे नव्हे) आणि लिहून दिलं. 'प्रस्थान हे केवळ सांकेतिक असून त्यास प्रत्यक्ष प्रवास मानू नये.'

नेमकी तेव्हाच चिमणाताई पाय बघायला आली आणि पत्र तिच्या हाती लागलं. 'म्हणजे मी सांगितलेलं खोटं? आणि प्रस्थान ठेवलंस म्हणून पायावर निभावलं, नाहीतर मानच मोडली असती, ते रे?' मी म्हटलं, 'ताई, हे फक्त कंपनीपुरतं.' तर म्हणते, 'देवासाठी एक आणि कंपनीसाठी एक! दत्तू, तुला नोकरीनं नासवला.' चहा न घेता गेली. दारात हिच्याशी काहीतरी कुजबुजली मात्र.

३१ जानेवारी, बुधवार

हिला एकदम क्लेममध्ये रस वाटू लागलाय. स्वतः रिक्षा करून संयोगिताच्या ऑफिसात गेली, फोटोकॉपी देऊन पासपोर्ट सोडवून आणले. म्हणाली, 'मूळ कागद घरी असलेले बरे.' बरोबर आहे! एवढ्या वर्षांत कागदाची किंमत कळली म्हणायची. दुपारी भाजी आणायला म्हणून गेली ती अडीच तासांनी आली, आणि भाजी आणलीच नव्हती. वय झालं हिचंही.

संध्याकाळी मी अपिलाचा मसुदा वाचून दाखवला. ही ऐकता ऐकता जुन्या पेपरमध्ये बरण्या गुंडाळत होती. साफसफाई काढली असावी.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

ही उद्या जाते आहे.

सकाळी चहा ठेवला समोर आणि सांगितलं. तिकीट काढलंय, किरीटभाईकडून, स्वतःच्या शाळेच्या फंडातून. उद्या सकाळच्या गाडीनं मुंबई, रात्रीचं विमान. मी म्हटलं, 'अगं पण अपील! सोमवारी वर जातंय! तू गेलीस की एकटीला जाता येत होतं हे सिद्ध होतं. आठ दिवस कळ काढ.'

'नाही.'

'बरं, निदान मुहूर्त तरी...'

'दत्तात्रेय,' म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक मारली. 'माझ्या मुलीनं मागच्या खेपेला फोनवर विचारलं होतं, आई, येतेस का? तुम्ही मला भाड्याचे आकडे दाखवले होते. मी गणिताची बाई, मला आकडे पटले. ती चूक माझी. आता मी कुणाचे आकडे बघणार नाही.'

मला राग आला होता. अजून आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

गेली. फत्तेसिंहराव स्टेशनवर सोडून आले. मी फाटकापर्यंत गेलो, काठ्यांवर. माझ्या गोळ्या, गॅसचा नंबर, पाणी कधी येतं, सगळं एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून गेली. मोहिते वहिनींनी दुपारी बाजरीची भाकरी आणि वांगं पाठवलं. चांगलं होतं. बशी मीच धुतली. एका पायावर उभं राहून बशी धुता येते.

४ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी साडेचारला नीलचा फोन. मुलगी झाली! त्यांच्याकडे पहाटे. सहा दिवस आधीच. बाळ उत्तम. देवश्रीला मात्र फार त्रास झाला, म्हणाला. एकोणीस तास कळा, मग रक्त फार गेलं, दोन बाटल्या द्याव्या लागल्या. आता ठीक आहे, झोपली आहे. मग म्हणाला, 'आई अजून विमानात आहेत ना?'

मी म्हटलं, हो. आता समुद्रावर असेल.

फत्तेसिंहराव पेढे घेऊन आले. सगळ्या सोसायटीत वाटले. मी खाल्ला एक.

५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हिचा फोन. नीट पोचली, विमानतळावर माणूस होता, काही अडचण आली नाही. थेट दवाखान्यात गेली. मी विचारलं, कशी आहे देवश्री? म्हणाली, 'पांढरी पडलीय. मला बघून रडली नाही. रडायचं संपलं होतं तिचं. नील म्हणाला, रात्रभर मला हाका मारत होती.'

मी विचारलं, 'आणि बाळ?'

'बाळ तुमच्यासारखं कपाळाला आठ्या घालतं,' म्हणाली. आणि मग, 'ठेवते. पेज टाकायचीय.'

आज अपील वर गेलं. संयोगिताचा निरोप आला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

सात दिवस झाले एकट्याला. आंघोळ खुर्चीवर बसून करतो. कुकर लावतो. काल फत्तेसिंहराव म्हणाले, 'साहेब, तुम्हाला तर कुणाची गरजच नाही हो!' कौतुकानं म्हणाले. मी दुपारभर त्यावर विचार करत बसलो. पेपर वाचला नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

संयोगिता स्वतः घरी आली. फळं घेऊन, पाया पडली. बातमी आणली, वरच्यांनी प्रस्थान ही धार्मिक प्रथा म्हणून मान्य केली. प्रवास सुरू झालेला नव्हता. क्लेम पास! दोन्ही तिकिटं, एक फॉर्म भरला की चेक. 'सर, आमच्या इथं पहिल्यांदाच घडलंय हे. सगळे म्हणत होते, हे सर कोण आहेत?'

फॉर्ममध्ये एकच प्रश्न. 'सहप्रवाशास १९ जानेवारी रोजी एकट्याने प्रवास करणे का शक्य नव्हते?' खाली तीन ओळी रिकाम्या.

संयोगितानं पेन काढून दिलं. 'सर, एकच ओळ. पत्नीची घरी सतत गरज होती. बस, सही करा.'

मी म्हटलं, 'ती अमेरिकेला आहे.'

'नंतर गेल्या ना त्या. आम्ही एकोणीस तारखेचं विचारतोय. त्या दिवशी गरज होतीच की.'

तारखा बघायच्या. बरोबर शिकलीय. मी पेन घेतलं आणि एकोणीस तारीख आठवली. अठरा आठवली. समोर फत्तेसिंहराव दोन काठ्या घेऊन उभे, ही पदर खोचून उभी, मी पलंगावर बसून कलम वाचतोय. मला त्या दिवशी हिची गरज होती का? पाणी मी घेत होतो. जेवण येणार होतं. तेहतीस वर्षं मी लोकांच्या कागदात एकच गोष्ट शोधली, हा माणूस खोटं कुठे बोलतोय. आणि इथं मला शोधायलासुद्धा लागलं नाही, ते माझ्याच हातात होतं, आणि तिकडे माझी लेक एकोणीस तास आईला हाका मारत होती.

लिहिलं, 'शक्य होतं. ती तयार होती. मी जाऊ दिलं नाही.' सही केली, तारीख घातली.

संयोगितानं वाचलं. 'सर, हे असं दिलंत तर मॅडमच्या तिकिटाचं मला नामंजूर करावं लागेल.'

'कर. मी तरी काय केलं असतं?'

ती घरी जायच्या आधीच रडली, माझ्यासमोर.

ती गेल्यावर संध्याकाळी एडिसनला फोन लावला. मागे बाळ ओरडत होतं. ही घाईत होती, म्हणाली, 'पटकन बोला, न्हाऊ घालायचंय.' मी म्हटलं, 'एकोणीसला तू जाऊ शकत होतीस. मी अडवलं. पैशासाठी अडवलं. मागच्या खेपेलाही.'

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

'हे मला कशाला सांगताय?' ही म्हणाली. 'मी तिथंच होते. तिला सांगा.'

आणि फोन देवश्रीकडे दिला.